काट्यावरच्या दोन वायरी

साखर कारखान्यातनं फोन आला की मला आधी मळमळतं. वासानं नव्हे. साताऱ्यापासून खाली सांगलीपर्यंत नदीकाठानं जा, हंगामात मळीचा वास गावोगाव भरून राहिलेला असतो. लहानपणापासून नाकात बसलाय तो, त्याचं काही वाटत नाही. मला मळमळतं ते आतल्या माणसांनी. काम मला हवं असतं, कारखान्यांच्या कामावर माझं निम्मं घर चालतं, म्हणून जाते. पण जाताना तोंड कडूच असतं.

मी कंप्युटरच्या जोडण्या बघते. कंप्युटर विकत नाही, बिघडला तर उघडतही नाही. एकानं विचारलेलं दुसऱ्यापर्यंत पोचतंय का आणि त्याचं उत्तर माघारी येतंय का, एवढंच माझं काम. इतकी वर्षं करतेय, तरी गेटवर गाडीतनं उतरले की वॉचमन माझ्या खांद्यावरनं मागं बघतो आणि विचारतो, "सर मागनं येत्यात काय?" सर कुठनं येणार! आमचे सर फौजेत आहेत, तिकडं बर्फात उभे. इथं मीच. हे ऐकलं की वॉचमनचा चेहरा असा पडतो की बघायला नको.

हा कारखाना कऱ्हाड ओलांडून सांगलीकडं जाताना आत वळलं की लागतो. नाव घेत नाही. घेऊन माझं तोंड आणखी कशाला विटाळू?

गळीत सुरू व्हायच्या आधी तिथं काटापूजन असतं. काटा म्हणजे जमिनीसरशी बसवलेला लोखंडी फलाट. उसाची गाडी त्यावर उभी करायची, शेजारच्या खोलीतल्या कंप्युटरवर वजनाचा आकडा उमटतो. शेतकऱ्याला काट्याचा संशय असतोच. त्याच्या बापालाही होता. म्हणून यंदाच्या पूजेला चेअरमननी माईक हातात घेऊन जाहीर करून टाकलं, "आमाला काय बी लपवायचं न्हाई. काट्यावर कॅमेरा बसवलाय. ज्याला बघायचं त्यानं घरात बसून मोबाईलवर गाडी बघावी, वजन बघावं!" टाळ्या पडल्या. नारळ फुटला, त्याचं पाणी कीबोर्डात गेलं. कुणीतरी भक्तिभावानं कंप्युटरच्या पाठीला हळदीकुंकू लावलं, तेही नेमकं वायर खोचायच्या भोकावर. पुढं मार्चमध्ये मी ते वाळलेलं कुंकू काडीनं टोकरून काढलं. देवाला हात जोडायचे आणि यंत्राचं नाक बुजवायचं, ही आपली श्रद्धा.

तर त्या दिवसापासून काट्यावरच्या कंप्युटरला दोन वायरी झाल्या. एक जुनी, कारखान्याच्या आतली. ती दुसऱ्या इमारतीत गेटवरच्या कंप्युटरपर्यंत जाते. गेटवाला गाड्यांना नंबर देतो आणि काट्यानं विचारलं की पुढचा नंबर सांगतो. दुसरी वायर नवी, इंटरनेटची. तिच्यावरनं कॅमेऱ्याचं चित्र आणि वजन गावोगावच्या मोबाईलवर जायचं.

आता ह्यात अवघड काय आहे? घराला दोन दारं असतात. पुढचं रस्त्याला, मागचं परड्यात. गोठ्यात जायचं तर मागच्या दारानं जा, बाकी कुठंही, पार दिल्लीला जायचं असलं तरी, पुढच्या दारानं जा. एवढं सांगून ठेवलं की घरातलं माणूस चुकत नाही. कंप्युटरलाही एवढंच सांगायचं असतं. प्रत्येक वायरीच्या सेटिंगमध्ये एक रकाना असतो, की बाकी सगळ्या जगाकडं जायचं दार हेच का. दोन वायरी असल्या तर तो एकाच वायरीला भरायचा, दुसरीचा कोरा ठेवायचा आणि वर एक ओळ लिहायची, की गोठा मागच्या बाजूला आहे. झालं.

कारखान्याच्या कंप्युटर विभागाचे साहेब म्हणजे चेअरमनचे भाचे. त्या खुर्चीवर बसायला भाचा असणं पुरेसं होतं. त्यांनी दोन्ही रकाने भरले होते. मी पुढं विचारलं, असं का केलंत? तर म्हणाले, "रिकामा कसा ठेवायचा म्याडम? फॉर्म म्हटल्यावर सगळे रकाने भरायला पाहिजेत. अर्धवट बरं दिसत नाही. आणि दोन्हीकडनं दिलं की स्पीड डबल." स्पीड डबल! मुडदा बशिवला त्या स्पीडचा. जातीच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत आयुष्यभर अर्ज भरत आलेली आपण माणसं, कोरा रकाना दिसला की आपल्याला करमतच नाही. पण कंप्युटरला कोरा रकाना म्हणजे अर्धवट अर्ज नसतो. तिथनं बाहेर जायचं नाही, असा तो स्पष्ट हुकूम असतो. हे ज्याला ठाऊक नाही त्यानं निदान विचारावं. विचारलं तर भाचेपणाला कमीपणा येतो ना!

मग व्हायचं काय, की काटा विचारायचा, "पुढचा नंबर कुठला?" आणि तो प्रश्न निघायचा पुढच्या दारानं, इंटरनेटवर. वैरणीची पेंढी डोक्यावर घेऊन माणूस हायवेला उभा आणि गोठ्यात जनावर हंबरतंय. कधीमधी चुकून मागच्या दारानं जायचा, तेवढ्यापुरतं चालायचं. म्हणून कुणाला वाटायचं लाईटचा दोष, कुणाला वाटायचं उंदीर. काटा नवा मागवा, असंही एक डायरेक्टर म्हणाले म्हणे. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

ह्यावर काट्यावरच्या क्लार्कनं स्वतःचा उपाय शोधला होता. अडलं की इंटरनेटची वायर उपटायची. मग काट्याला मागचं एकच दार उरायचं, नंबर यायला लागायचे, चार गाड्या पटापट सुटायच्या. तेवढ्यात साहेबांचा फोन, "लाईव्ह गेलं!" की परत खोचायची. उपट, खोच, उपट, खोच. अख्खा हंगाम असा काढला त्यांनी. बाहेर उसानं लादलेल्या बैलगाड्यांची रांग, गाडीखाली सावलीला निजलेली पोरं, आणि आत हा खेळ. मला कुणी बोलावलं नाही. का बोलावतील? त्यांचं काय अडलं होतं? उभी राहणारी माणसं वेगळी होती.

शेवटी मार्चात बोलावलं, तेही का, तर आदल्या दिवशी लाईव्ह बंद पडल्यावर गावागावच्या ग्रुपवर बोंब उठली, काट्यात गडबड आहे म्हणून. रांगेसाठी नव्हे, बदनामीसाठी मला फोन आला.

मी पोचले तेव्हा ऊन कडक तापलं होतं. काटा सकाळधरनं अडलेला. रांगेतली पहिलीच गाडी काट्याच्या तोंडाशी उभी. गाडीवाला आणि त्याची बायको पूर्वेकडच्या दुष्काळी भागातली. घरची मेंढरं गेल्यावर दरसाल नदीकाठाला ऊस तोडायला येणारी. जोडीतला डावा बैल मला लांबनंच बरा दिसला नाही. मान खाली, तोंडाला फेस, भाते हलावेत तशा बरगड्या हलत होत्या. जुवाखाली खांदा सुजून लाल झालेला, त्यावर माशा. बाई पदराचं टोक भिजवून त्याच्या तोंडावरनं फिरवत होती.

मी म्हटलं, "अहो, सोडा की बैल. उभा राहवत नाही त्याला."

नवरा म्हणाला, "सोडला आन् तेवड्यात नंबर पुकारला तर? पुकारल्यावर गाडी लगीच काट्यावर चढली न्हाई तर नंबर बाद हुतो ताई. मग परत शेवटाला. तवर ह्यो ऱ्हातोय व्हय?"

"मग दुसऱ्याला सांगा ना थांबायला."

"आवं सगळ्यास्नी घाई हाय. कोन थांबतंय?"

बाईनं माझ्या खांद्यावरची पिशवी बघितली. "तुमी वायरीच्या का?" म्हणाली. "मग लवकर करा ताई. सकाळधरनं ताप हाय तेला. पानी बी तोंडात घेईना. येवडी गाडी मोकळी झाली की तसंच डाक्टरकडं न्हेतो. येकच गाडी, बाकी काय न्हाई."

एकच गाडी! म्हणजे एक नंबर काट्यापर्यंत पोचायचा होता, एका इमारतीतनं दुसऱ्या इमारतीत. आत गेले आणि क्लार्कला म्हटलं, "उपटा ती इंटरनेटची वायर, ती पहिली गाडी घ्या, मग मी बघते."

क्लार्क जागचा हलला नाही. "सायबानं आज वायरीला हातच लावायचा न्हाई म्हनलंय. कालच बोंबाबोंब झालीया."

"मग हातानं वजन लिहा!"

"हातानं लिवलेलं आता चालत न्हाई म्याडम. चेअरमननी भाषनात सांगितलंय."

मीच हात घातला वायरीला. तर तो बाप्या माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला, "ताई, माझी नोकरी जाईल वो. लेकरं हायत मला." काय करणार? मी हात मागं घेतला. सेटिंग उघडून बघितली, दोन्ही रकाने भरलेले. ती नीट करायला पासवर्ड लागत होता आणि तो साहेबांकडं. उन्हातनं पार ऑफिसपर्यंत चालत गेले. रांगेतली माणसं माझ्याकडं बघत होती आणि माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

साहेबांच्या खोलीत एसी इतका, की घाम गार झाला. टेबलावर महाबळेश्वरहून आलेली स्ट्रॉबेरीची पेटी. साहेब एकेक उचलून मलईत बुडवत होते. ओठाला लाल-पांढरं लागलेलं. "या म्याडम, घ्या ना. ताजी आहे." मला शिसारी आली. स्ट्रॉबेरी मला आवडायची, पण त्या दिवसापासून नाही आवडत.

मी पासवर्ड मागितला. ते म्हणाले, "कॅमेरा बसवलेल्या कंपनीचा माणूस पुण्याहून निघालाय. शिरवळला ट्रॅफिकमध्ये अडकलाय, येईल एवढ्यात. त्याच्यासमोर करू. नंतर कोणी काय केलं, असा वाद नको."

"अहो, बाहेर पहिल्या गाडीचा बैल मरायला टेकलाय."

"असं प्रत्येक जण सांगतो हो. बैल म्हटल्यावर दमणारच. हे बघा, लाईव्ह बघा, किती क्लियर आहे." आणि त्यांनी आपला मोबाईल माझ्यापुढं धरला. मोकळा काटा दिसत होता. चित्राच्या कडेला त्याच बैलाची शिंगं दिसत होती, खाली झुकलेली. साहेबांना ती दिसत नव्हती. का दिसत होती आणि काही वाटत नव्हतं, देव जाणे. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत, पण इथं शेळीच मोबाईलवर दिसत असताना बोट मलईत होतं.

तेव्हाच मी माझा आवाज चढवला. म्हटलं, "ठीक आहे. मी चेअरमनसाहेबांना फोन लावते. सांगते, तुमचं लाईव्ह रोज पडतंय ते भाचेसाहेबांनी दोन रकाने भरल्यामुळं. तेवढं बोलू द्या मला." फोन हातात घेतलाही. तसा एकदम पासवर्ड आठवला साहेबांना. चेअरमनचं नाव आणि त्यापुढं चेअरमनचा वाढदिवस. कर्म माझं! दारात लागलेला फ्लेक्स वाचला असता तरी मला कळला असता.

काम केवढं होतं म्हणता? काट्यावर परत आले आणि पुढ्यात आणून ठेवलेला चहा निवायच्या आत झालं. आतल्या वायरीचा भरलेला रकाना मी कोरा केला. मग एक ओळ लिहिली, की गेटवाल्या इमारतीकडं जायचं ते आतल्या वायरीनंच, आणि ती अशी पक्की केली की लाईट जाऊन आली तरी विसरू नये. इंटरनेटची वायर जिथल्या तिथं. गेटच्या कंप्युटरला हाक मारून बघितली, लगेच ओ आली. मोबाईलवरचं चित्रही तसंच चालू. क्लार्क बघतच राहिला. "येवडंच हुतं व्हय?" होय, एवढंच होतं. हंगामभर एवढंच होतं.

लाऊडस्पीकरवर नंबर पुकारला. बाहेर नवऱ्यानं कासरा हिसकला, बाईनं मागनं गाडीला खांदा लावला आणि गाडी काट्यावर चढली. मी खिडकीतनं बघत होते आणि मनात म्हणत होते, चल रे राजा, चल, एवढं चल. बैलांनी काटा ओलांडून पलीकडं उतरायचं असतं, चाकं तेवढी काट्यावर ठेवायची. उजवा उतरला. डाव्यानं पुढचे पाय खाली टाकले आणि तो तिथंच बसला. अर्धा बाहेर, मागलं अंग काट्यावर.

क्लार्कनं खिडकीतनं डोकं काढलं. "बैल म्होरं घ्या वो! आकडा हालतोय!"

आकडा हलत असला की कंप्युटर वजन घेत नाही. तो थिर झाला, तरच घेतो. पडद्यावरचे शेवटचे आकडे त्या बैलाच्या श्वासासरशी वर जात होते, खाली येत होते. नवरा कासरा ओढत होता. बाई जुवाकडं धावली, तसा क्लार्क ओरडला, "हात लावू नका गाडीला! वजनाच्या वक्ताला गाडीला हात चालत न्हाई, कॅमेरा हाय!" आणि त्या बाईनं हात मागं घेतला. चोरी करताना सापडल्यासारखा घेतला हो. मी ओरडले, "सोडा त्याला आधी! जू काढा, वजन गेलं खड्ड्यात!" माझं कुणी ऐकलं नाही. ती दोघं क्लार्ककडं बघत होती. त्यांच्यासाठी मी वायरीची बाई, नंबर देणारा तो.

मी बाहेर पडणार तेवढ्यात माझाच फोन वाजला. साहेब होते. वाटलं, आता तरी दिसलं ह्या माणसाला. डॉक्टर पाठवतो म्हणेल. "म्याडम," ते म्हणाले, "लाईव्ह मस्त चाललंय. फक्त तो बैल तेवढा फ्रेमच्या बाहेर घ्यायला सांगा. खराब दिसतंय."

मी फोन कट केला. पडद्यावरचा आकडा अजून हलत होता. मघापेक्षा कमी. वर, खाली. मग बराच वेळ काहीच नाही, मग परत एकदा किंचित वर. मला कळत होतं मी काय बघतेय ते, आणि नजर काढता येत नव्हती. मग तो थांबला.

"थिर झाला!" क्लार्क म्हणाला. "आलं एकदाचं वजन."

चिठ्ठी छापून बाहेर आली. वजन गेटवर पोचलं, मोबाईलवर पोचलं, आणि त्याच दमात लाऊडस्पीकरवर पुढचा नंबर पुकारला गेला. कुठंही अडलं नाही. क्लार्क माझ्याकडं वळून कौतुकानं हसला. "म्याडम, काय काम केलंसा! लय भारी. येका झटक्यात दोनीकडं गेलं बगा." मला त्याची किळस आली, त्या साहेबाची आली, आणि इतक्या चोख झालेल्या माझ्या कामाचीही आली.

बाहेर मागच्या गाडीवाल्यानं बैल हाकायला सुरुवात केली होती. बाई बैलाच्या मानेशी बसून जुवाची शिवळ, मान अडकवणारी ती खुंटी, काढत होती. ऊन लागू नये म्हणून तिनं पदर त्याच्या डोळ्यांवर धरला होता. आता सोडला तरी नंबर जाणार नव्हता.